चादरीचं दुसरं टोक

प्रिय वन्सं,

तू वयाने माझ्यापेक्षा लहान, तरी तुला वन्सं म्हणायचं ही आपली जुनी थट्टा. आज थट्टेचा अजिबात मूड नाही, पण दुसरं काही लिहायला हात उठेना. तुझा दादा तुला चिमी म्हणायचा, ते नाव मात्र मला आता उच्चारायला जड जातं. का, ते पुढे सांगेन. तुमच्या त्या मौनाच्या केंद्रात पत्र येतं पण तिथून जात नाही, तेव्हा तू उत्तर देणार नाहीस हे धरूनच बसले आहे. एका परीने बरंच आहे. मध्ये तोंड घालणारं कुणी नाही, मला सगळं बोलता येईल.

आधी भांडण उरकून घेते. दादा गेला त्या दिवशी मी केंद्रात फोन केला. फोनवरच्या त्या माणसाचा आवाज कापसात गुंडाळल्यासारखा. निरोप पोचवतो म्हणाला. तासाभराने त्यानेच फोन करून सांगितलं की निरोप दिला आहे, तू मौन पूर्ण करायचं ठरवलं आहेस, आणि तू स्थिर आहेस. स्थिर आहेस म्हणे! टेबल आहेस का गं तू? मी त्याला हेच विचारलं. तो गप्प राहिला, त्यांना सवयच आहे. तोवर तुझ्या वाटेकडे डोळे लावून मी दारातल्या माणसांना थांबवून धरलं होतं. मग मलाच बाहेर येऊन सांगावं लागलं की चला, ती येत नाही. हे वाक्य तू माझ्या तोंडून वदवून घेतलंस. शेजारीण माझा हात धरून बसली होती, तिच्यावरही मी खेकसले. ते मी तुला कधी माफ करीन की नाही, मला खरंच सांगता येत नाही.

कामावर जायला लागले आहे. घरी बसून भिंती किती बघायच्या? हॉस्पिटलचा धुलाईखाना तू सोडून गेलीस तसाच आहे, तीच वाफ, ड्रायरची तीच घरघर, गरम चादरींचा तोच न संपणारा ढीग. तुझ्या जागी एक नवी बाई आली आहे. स्वभावाने गरीब आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तू गेल्यावर थोड्याच दिवसांत मी ह्यांच्या आजारपणाच्या रजेवर गेले, त्यामुळे तिच्यासमोर उभं राहायची वेळ आली नव्हती. पहिल्या दिवशी दोघींनी चादरीची दोन-दोन टोकं धरली, मी उजवा हात डावीकडे नेला, तिनेही तिचा उजवा हात डावीकडे नेला, आणि चादरीला मधोमध पीळ पडला. उलगडली, पुन्हा धरली, पुन्हा पीळ. मी तिच्यावर वसकन ओरडले, एवढी साधी घडी घालता येत नाही का म्हणून. सगळा धुलाईखाना वळून बघायला लागला. तेव्हा सुपरवायझर बाई जवळ येऊन हळूच म्हणाली की तिला येतं, तुम्हालाच येत नाही. अगं, समोरासमोर उभ्या राहिलेल्या दोघीही उजव्या असल्या की एकीला उलटा हात चालवावा लागतो. बाकीच्या जोड्या हे पहिल्याच दिवशी आपसात ठरवून घेतात. आपल्याला कधी ठरवावंच लागलं नाही, कारण तू डावखुरी. मी उजवा न्यायचे, तू डावा आणायचीस, आणि घडी आपोआप बसायची. इतकी वर्षं मी स्वतःला त्या धुलाईखान्यातली सगळ्यात चपळ बाई समजत होते. नव्या पोरींना मान ताठ करून शिकवायचे. आणि माझी ती चपळाई म्हणजे काय होती, तर समोर तू होतीस. त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले. कशासाठी म्हणशील, तर त्याला एक कारण नव्हतं.

तू निघालीस तो दिवस आठवतो का? आपल्या दोन खोल्यांत तुझी ती बॅग दाराशी उभी होती. तू म्हणालीस, "वहिनी, मी जन्मभर कुणाची तरी मुलगी, कुणाची तरी बहीण, कुणाची तरी नणंद. हे सगळं काढून ठेवलं तर खाली मी कोण उरते, ते मला एकदा बघायचंय." मी म्हटलं, उरलं काही तर कळव. मला वाटलं होतं दोन महिन्यांत कंटाळून येशील. ह्यांनी तुझी बॅग उचलून बसपर्यंत नेली, परत येताना स्वतःचीच गल्ली चुकले आणि शेजारच्या दुकानदाराचा हात धरून घरी आले. आम्ही दोघं त्यावर किती हसलो! तेव्हा किल्ल्या हरवायच्या, चष्मा फ्रीजमध्ये सापडायचा, आणि तूही त्यांना प्रोफेसर म्हणून चिडवायचीस. त्याच्या पोटात काय दडलं होतं ते तुलाही माहीत नव्हतं, मलाही नाही. आजारी भावाला टाकून गेलीस असा आळ मी तुझ्यावर घेणार नाही. रागावले आहे, पण खोटं बोलणार नाही.

पुढचं मी तुला वेळोवेळी लिहिलंच होतं, तुला तिथे वाचायला देतात की नाही कुणास ठाऊक. सगळं भराभर गेलं. आधी वार गेले, मग माणसं, मग ह्या घरातल्या खोल्या. फक्त लिफ्ट राहिली. हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये स्टुलावर बसून जन्म गेला ना, त्यामुळे कुणीही दारात उभं राहिलं की विचारायचे, "कितवा मजला?" डॉक्टर तपासायला आले, त्यांनाही तेच. मी पाण्याचा पेला घेऊन गेले तरी तेच. सुरुवातीला मी हसून म्हणायचे, तुम्ही न्याल तो. नंतर हसू येईनासं झालं. कारण मी त्यांना परकी झाले. शर्टाला हात लावला की घाबरायचे, भिंतीकडे सरकायचे, ही कोण बाई आहे म्हणून ओरडायचे. मी सांगायचे, अहो, मी आहे, तुमची बायको. तसतसे जास्तच आक्रसायचे. आपलंच माणूस आपल्याला भिऊन अंग चोरतं, हे बघायची वेळ कुणावर येऊ नये.

मग एका दुपारी मी त्यांना कुशीवर वळवून खालची चादर ओढत होते, एकटीच. ते मान वळवून बघत राहिले आणि म्हणाले, "चिमे, आलीस?" चेहरा असा खुलला की काय सांगू. किती दिवसांत तो चेहरा मी पाहिला नव्हता. तरी मी हट्टाने सांगितलं, मी चिमी नाही. लगेच दिवा विझल्यासारखं झालं. असं बऱ्याचदा झालं. शेवटी एकदा मी इतकी दमले होते की म्हटलं, हो, आले. आणि ते जेवले. पोटभर, माझ्या हातून.

तेव्हापासून मी तूच झाले. तुला वाटेल तितकं ते सोपं नव्हतं. जन्मभर 'अहो' म्हटलेल्या माणसाला 'अरे दादा' म्हणायचं, जीभच वळेना. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मला स्वयंपाकघरात जाऊन तोंड धुवावं लागलं. चमचा उजव्या हातात धरला की ते त्याच्याकडे संशयाने बघायचे, चिमी डावखुरी ना! म्हणून डाव्या हाताने भरवायला शिकले. निम्मं त्यांच्या छातीवर सांडायचं. कात्री, दाराची कडी, नळ, डाव्या हाताने काहीच धड होत नाही गं. ह्या जगातली प्रत्येक वस्तू तुझ्या विरुद्ध बनवलेली होती आणि तू कधी चकार शब्द काढला नाहीस. मला वाटायचं तुझा स्वभावच निवांत. इतकी वर्षं तुझ्यासमोर उभी राहिले आणि तू मला कळलीस ती तू नसताना. एकदा मात्र चुकून तोंडातून 'अहो' निघून गेलं. ते दचकले, दाराकडे बघायला लागले आणि म्हणाले, तुझी वहिनी आली वाटतं. कितीतरी वेळ दाराकडे बघत राहिले. मी तिथेच, त्यांच्या उशाशी बसलेली.

तुला जे हवं होतं ना, सगळं काढून ठेवून खाली कोण उरतं ते बघायचं, ते मला न मागता मिळालं. बायको नाही, नणंद समोर नाही, पोर-बाळ तर कधीच नव्हतं. आता मी कुणाचीच कुणी नाही. तर तुला कळवते. खाली कुणी नाही. मी नीट बघितलं. एक बाई आहे, ती गॅसवर भांडं ठेवते आणि भूक नाही म्हणून पुन्हा उतरवते. आरशात तिला बघून मला काही आठवत नाही. तुला तिथे डोळे मिटून काही उजेड-बिजेड दिसला असेल तर आनंद आहे. मला स्वतःबद्दल जे काही थोडंफार कळलं, ते तुझ्या डाव्या हातामुळे आणि त्यांच्या विसरण्यामुळे कळलं, आणि ती दोन्ही आता घरात नाहीत. त्यांची शेवटची चादर धुऊन आणली आहे, खुर्चीवर तशीच गोळा होऊन पडली आहे. टेबलावर पसरून एकटीलाही घडी घालता येते, कुणालाही येते. मी घालत नाही. उठताबसता तिच्याकडे बघते फक्त.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. जाण्याच्या थोडे दिवस आधी, दुपारीच, ते बऱ्यापैकी शुद्धीत होते. मला म्हणजे तुला जवळ बोलावलं आणि तुझ्या वहिनीबद्दल बोलायला लागले. आधी गाऱ्हाणं, फार बोलते, मीठ जास्त घालते. मी चिमी होऊन ऐकत होते आणि मनात म्हणत होते, थांबा, बघते तुम्हाला. मग म्हणाले, "ती ओरडते ना, चिमे, तेव्हा ती घाबरलेली असते. तिला स्वतःला ते माहीत नाही." मला कुणी कधी हे सांगितलं नव्हतं. सगळे मला धीट समजतात, मीही समजत होते. त्यांनी माझ्या तोंडावर कधी हे म्हटलं नाही, तुला सांगितलं, आणि ते ऐकायला मला तू व्हावं लागलं. मग माझा हात धरून म्हणाले, "तिला सोडून जाऊ नकोस हं." आणि मी, चिमी, म्हणाले, "नाही जाणार, दादा." ते शांत झोपले. तर वन्सं, मी तुझ्या नावाने शब्द देऊन बसले आहे. तुला न विचारता दिला आणि तो मला पाळता येत नाही, माझीच सोबत मी कशी करणार? तू पाळायलाच हवास असंही नाही, तू काही बोलली नव्हतीस. मी तुला बोलावत नाहीये. खोटं, बोलावतेच आहे. नाहीच आलीस तर निदान हे पत्र पुन्हा पहिल्यापासून वाच, आणि मी किती ओरडले आहे ते बघ.

तुझीच,
वहिनी