पुढचा भाग कच्चा

१० मार्च
भुंग्याला कॉलेज सोडायचंय! माझी एकुलती एक लेक, वय वर्षं एकोणीस. समुद्रावरच्या कुठल्याशा कारखान्यात दोन वर्षं राहून लाकडी होड्या बांधायला शिकणार म्हणे. एकविशीच्या आतल्यांना घरच्यांची सही लागते, तीही पंधरा तारखेच्या आत. मी म्हटलं, विचार करून निर्णय घेणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पिकत नाही. तोवर सही नाही. तर म्हणते कशी — मग मला तोवर फडताळात ठेव.

११ मार्च
अबोला. भाजी मात्र दोनदा वाढून घेतली.

१२ मार्च
उद्या भुंग्याचा स्कॅन. आमच्या संस्थेत काही मुलांचे मेंदू लहानपणापासून दर तीन-चार वर्षांनी तपासतात आणि ते मशीन मी चालवते. पहिल्या खेपेला आठ वर्षांची होती. मी ‘हलू नकोस’ म्हटलं की हिला हसू फुटायचं आणि चित्र पुसट यायचं. चारदा काढावं लागलं!

आमच्या डॉक्टरीणबाई मुलांना फार छान समजावतात. लहानपणी मेंदू वाटेल तिथे पायवाटा पाडतो, मोठं होताना रुळलेल्या तेवढ्या ठेवतो, बाकीच्यांवर गवत वाढू देतो. बाईंकडूनच हिला चार शब्द ऐकवायचे, असं ठरवलंय. माझे कोण ऐकतंय!

१३ मार्च
काय करून बसले मी!

दोन स्कॅनच्या मधे मशीन जरा गप्प असतं. भुंगा आत आडवी. मी काचेअलीकडे बाईंपाशी मन मोकळं करत होते. म्हटलं, हिचा पुढचा भाग साफ कच्चा आहे, तुम्हीच समजवा. मग बोलता बोलता खरं तेही बाहेर पडलं — ही गेली तर त्या घरात मी एकटी काय करू? भीती वाटते मला. आणि बघते तर काय, तिच्याशी बोलायचं बटण चालूच! इतकी वर्षं मशीन चालवतेय आणि ही अक्कल. शब्दन् शब्द आत ऐकू गेला होता.

पुढचा स्कॅन झाल्यावर बाईंनी नुसतं पडद्याकडे बोट केलं. चित्र लख्ख. पोरगी केसभरही हलली नव्हती.

“एवढं ऐकूनही स्थिर पडून राहिली,” बाई म्हणाल्या, “आणि तुम्ही कच्चा म्हणता?”

वर हेही ऐकवलं, की पंचविसाव्या वाढदिवसाला काही भोंगा वाजत नाही. मेंदू पुढेही बदलत राहतो, माझासुद्धा. चार शब्द ऐकवायचे होते लेकीला, ऐकून आले मी.

घरी कुलूप काढताना भुंगा म्हणाली, “आई, सुट्टीला येत जाईन ना मी.” मला रडूच आलं. सही मात्र केली नाही.

१४ मार्च
संस्थेचा फॉर्म दर खेपेला नव्याने भरावा लागतो. एरवी डोळे झाकून भरते. आज शेवटच्या रकान्यापाशी अडले — मूल झालं तेव्हा आईचं वय.

एकोणीस.

सगळे नको म्हणत होते. आई, मावशी, भुंग्याचा बापही. मी कुणाचं ऐकलं नव्हतं.

पेन हातात होतंच. होड्यांच्या कागदावरही सही करून टाकली.