चार मिलिमीटरची फट

सहम, ओमान, मंगळवार

प्रिय उस्मान,

फोन सोडून याला कागद कुठून सुचला, म्हणशील. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. मध्येच हसतोस आणि सगळं सोडून देतोस. आज तसं नको. वर्कशॉपमधला हमझा उद्या सुट्टीवर रत्नागिरीला निघालाय, त्याच्याकडे हे देतोय.

इकडे उकाड्याने जीव नकोसा झालाय. वर्कशॉपचा पंखा नुसती गरम हवा फिरवतो. लिंबाच्या रसाचं आपलं यंत्र चालू आहे. आपलं म्हणजे आराखडा तुझा, वेल्डिंग माझं. मालक, आपला अर्बाब अम्मार, खूश आहे. मीच थकलोय रे. काम पूर्वीइतकंच, पण सकाळी उठून बूट घालायचंही जिवावर येतं. त्यात गेल्या शुक्रवारी तू सांगितलंस, दापोलीच्या कारखान्याने कोकमाच्या रसाचं मशीन चालवायला बोलावलं आणि तू नाही म्हणालास. आता आपल्या हाताचा भरवसा नाही, म्हणे. आठ महिने बंदरावर बर्फ फोडतोयस, ते हेच मनात धरून? फोन ठेवल्यावर मी ताट तसंच झाकून ठेवलं.

पहिली चाचणी आठवते? भंगारातल्या वॉशिंग मशीनचा ड्रम लावला होता आपण. रस कमी, बिया जास्त, आणि त्यातली एक उडून थेट अर्बाबच्या चहात! मग तू स्टीलचे रोलर बसवलेस आणि मधली फट मोजून चार मिलिमीटर ठेवलीस. त्याहून कमी केली की साल चिरडते, तिचा कडूपणा रसात उतरतो आणि तो लगेच कळतही नाही, रात्रभरात वर येतो, असं तू मास्तरासारखं समजावायचास. मला वैताग यायचा. कारण अर्बाब रोज एक चोथा उचलून मुठीत पिळायचा, उरलेले थेंब दाखवायचा आणि माझ्याकडे बघायचा. तुला त्याचं काही वाटायचं नाही. मला वाटायचं.

मस्कतचे हॉटेलवाले यायच्या आदल्या दिवशी टाकी भरली, सगळ्यांनी रस चाखला, झकास होता. सकाळी त्या पाहुण्याने एक घोट घेतला आणि बेसिनकडे धावला. कडूजहर! अर्बाबने विचारलं, मशीन कोणाच्या ताब्यात होतं? तुझ्याच. तू फट मोजलीस, बरोबर चार. मग तिथेच मान खाली घालून म्हणालास की कच्ची लिंबं गेली असतील, माझीच नजर चुकली. पंधरा दिवसांत तुझा व्हिसा रद्द. विमानतळावर मी हमसून रडत होतो आणि गाढवा, तूच माझ्या पाठीवरून हात फिरवत होतास.

उस्मान, त्या आदल्या दिवशी तू दुपारच्या अस्रच्या नमाजला गेलास ना, तेव्हा शेवटचे सहा क्रेट मी घातले. फटीचा नट दीड आटा आवळून. एकदा तरी अर्बाबच्या मुठीतून थेंब पडू नये, एवढीच माझी हौस. खरंच कोरडे चोथे निघाले, मला केवढा आनंद झाला! तू यायच्या आत नट पुन्हा सैल केला, कारण तू ओरडला असतास. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. घाबरलो. नंतर दर शुक्रवारी सांगू म्हणून फोन लावला आणि दर शुक्रवारी पावसापाण्याचं बोललो. तुझी नोकरी गेली, तेव्हाही मी गप्प राहू शकलो. पण तू स्वतःच्या हाताला दोष देऊन बसलायस, हे नाही सोसवत. कारखान्याला आजच्या आज हो कळव. तुझा हात चुकला नव्हता. आफरीनभाभींना हे पत्र वाचून दाखव, त्यांनी तुला काय काय ऐकवलं असेल ते मी समजू शकतो. आज सकाळी अर्बाबला सगळं सांगितलं. तो खलास, म्हणजे माझंही काम संपलं, एवढंच म्हणून उठून गेला. महिनाअखेरचं माझं तिकीट काढलंय. तुझ्या दारात येऊ की नको, तेवढं कळव. नको म्हणालास तर खालच्या रस्त्यानेच पुढे जाईन.

तुझाच म्हणवायचा हक्क उरला असेल तर तुझाच,
तानाजी