डोंगरावरची घरं

बुध. ७ जाने.
शनिवारचा गट मी एकट्याने न्यायचा. मालक इक्बालभाई म्हणाले, "यल्ला, चल अब, कब तक पीछे चलेगा?" नीट जमलं तर गाईड. नाहीतर पुन्हा नुसती ड्रायव्हरकी.
आज शारजाकडच्या मलेह्याच्या डोंगरावर वाट शोधून आलो. वाट अशी नाहीच. झिजलेला चुनखडक, त्यात दगड झालेले शंख-शिंपले, सगळीकडे सारखंच. प्रत्येक वळणावर तीन दगडांची खूण रचली. पुन्हा जाऊन तपासली.

शनि. १० जाने.
शारजाचे सावंत काका-काकू, त्यांची मुलगी, मित्रमंडळी. मुलीने खडकातला शिंपला दाखवून विचारलं, "इज इट रिअल?" मी म्हटलं, खरा आहे, इथे समुद्र होता. काकू म्हणाल्या, "म्हणजे तुझी वसईच की रे!" बरं वाटलं.
चढताना मी पुढे. मागे पाहिलं नाही.
परत फिरलो तर डोंगरभर दगडांच्या चळती. माझी खूण कुठली, कळेना. काकू म्हणाल्या, "आधीच रचलेले दिसले ना, म्हटलं आपलीच माणसं येऊन गेलीत. देवीच्या डोंगरावर घर मिळावं म्हणून रचतात, तसे आम्हीही रचले. इतकी वर्षं शेअरिंगच्या खोलीत काढली, म्हटलं इथेही घर मागून बघू."
चुकीच्या घळीत उतरलो. पुन्हा वर. सगळे सुखरूप, पण काका गाडीत सारखं घड्याळ बघत होते.

रवि. ११ जाने.
इक्बालभाईंना मीच सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सब गिरा दे. शंखवाला पत्थर जहाँ का वहाँ. शनिवार को मैं चलूँगा तेरे साथ, बिना निशान के. फिर देखेंगे."

मंगळ. १३ जाने.
पाडायला गेलो. शिंपल्याचा दगड जिथून उचलला तिथे खाली फिकट डाग असतो, तो शोधून ठेवायचा. वेळ लागतो. पण आता खडक ओळखू येतात. खुणेची गरज नव्हतीच बहुतेक.
वरच्या वळणावर काकूंनी रचलेलं घर. कुंपण, दार, आत दोन खोल्या. वर एक शंख. शेवटी पाडू म्हटलं.
काकूंचा मेसेज: "आमचं घर आहे ना रे उभं?"

शुक्र. १६ जाने.
बाकी सगळं खलास. कुंपणवालं तेवढं राहिलं. ऊन उतरलं होतं, खाली यायचं होतं. इक्बालभाईंना हेच सांगेन.
काकूंना "आहे" लिहिलं. अजून पाठवलं नाही.
उद्या इक्बालभाई बरोबर, आणि वाट त्याच वळणावरून जाते.