उपाशी कोंबड्याखालचा ट्रे

अव्वा, आज अण्णा पुन्हा बोललाच. तुझ्या पुण्यतिथीला भालकीच्या घरी सगळे जमलो होतो. जंगमस्वामींचं जेवण उरकलं, गव्हाच्या गोड हुग्गीचं पातेलं खाली उतरवून आम्ही भावंडं पानावर बसलो, आणि याचं सुरू झालं. "एवढ्या लोकांला जेवू घातलं आज. अव्वा मात्र उपाशी गेली. डॉक्टर नळी घालू म्हनत होता, हिनं घालू दिली न्हाई." बोलला भिंतीकडं बघून, पण ऐकवलं मला. दरवर्षीचंच आहे हे. आधी मी भांडायची, मग रडायची, आता नुसती हुग्गीत तूप कालवत बसते. खरंच थकले गं मी. तुला मी उपाशी मारलं का, एवढंच विचारायचं आहे, आणि उत्तर द्यायला तूच नाहीस.

माझ्या कामाचं तुला कधी कौतुक नव्हतं. आपल्या घरात अंड्याला कुणी हात लावत नाही, आणि लेक निघाली कोंबड्यांच्या खाद्याचा अभ्यास करायला! बीदरहून आले की दारातच अडवायचीस, "आधी न्हाणीत जा, मग सैपाकघरात पाऊल टाक." गल्लीत सांगायचीस, लेक डॉक्टर हाय. कुणाची, ते गिळून टाकायचीस. एकदा भाकरी थापता थापता विचारलंस, दिवसभर करतीस तरी काय गं? मी सांगितलं, कोंबड्याला ज्वारी मोजून चारायची, पिंजऱ्याखालच्या ट्रेमधली विष्ठा गोळा करायची, त्यातली पिसं वेचायची, वाळवून दळायची, मग पोलादी भांड्यात ऑक्सिजन भरून ती जाळायची आणि भोवतीचं पाणी किती तापलं ते बघायचं. ज्वारीही तशीच जाळायची. ज्वारीच्या उष्णतेतून विष्ठेची वजा केली की कोंबड्याच्या अंगी काय लागलं ते कळतं. तुझा हात परातीतच थांबला. "अगं बाई! कोंबडीची घाण जाळायला एवढी शिकलीस व्हय?" आणि अशी हसत सुटलीस की तव्यावरची भाकरी करपली. ती करपलेली भाकरी नेहमीसारखी तूच खाल्लीस.

पुढं डोळे दाखवायला बीदरला आलीस तेव्हा हट्टानं शेडमध्ये आलीस, नाकाला पदर लावून. त्या दिवशी मी नळीनं भरवत होते. आदल्या दिवसापासून उपाशी ठेवलेला कोंबडा काखेत धरायचा, चोच उघडायची, नळी गळ्याखालच्या अन्नाच्या पिशवीपर्यंत सरकवायची आणि मोजलेली ज्वारी वरून ढकलायची. त्याला खायचं आहे की नाही हा प्रश्नच नसतो, म्हणून तर हे झटपट उरकतं. त्याला आपल्या मनानं खाऊ द्यायची पद्धतही आहे, पण तीत दिवस जास्त जातात आणि मेला सांडतो फार. कडेच्या पिंजऱ्यांतल्या कोंबड्यांना मी काहीच दिलं नाही, तरी त्यांच्याखाली ट्रे सरकवला, तेव्हा म्हणालीस, "यांला कामून उपाशी ठेवलीस? आन् खाल्लंच न्हाई तर ट्रे कशाला?" मी म्हटलं, खाल्लं नाही तरी अंगातलं थोडं थोडं बाहेर जातच असतं, तेवढं बाकीच्यांच्या विष्ठेतून वजा करायला लागतं. "म्हंजे उपाशी जीव सोताचंच खायलाय म्हन की," तू म्हणालीस. मी म्हटलं, व्हय. मग तुला बसस्टँडवर सोडायला गेले.

आणि मग गुलबर्ग्याचा तो दवाखाना. तुझं खाणं सुटलेलं. घास पुढं केला की तू मान फिरवतेस, पाणी तेवढं घेतेस. डॉक्टर म्हणतात, नाकातून नळी घालू, पातळ अन्न पोटात सोडता येईल. आजार काही बरा होणार नाही, पण उपाशी राहणार नाहीत. अण्णा माझ्याकडं वळतो. "तूच सांग. तुला कळतंय यातलं." माणसातलं मला काय कळणार, डोंबल! तेवढ्यात तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "मी काय तुझी कोंबडी हाय व्हय गं?" नर्स हसली, अण्णाही हसला. तो आजही म्हणतो, अव्वा चेष्टा करत होती, अन् तू ते खरं धरून बसलीस. मी खरंच धरलं. नळी नको म्हणून सही केली आणि तुला घरी आणलं. अण्णा आशेवर होता. मला मात्र उपाशी अंगातून काय काय जातं ते ठाऊक होतं, सगळं ट्रेमध्ये बघितलेलं. रोज सकाळी तुझी पाटली मनगटावरून आणखी खाली घसरलेली दिसायची, ती मी वर सरकवायची.

अलीकडं मी कोंबड्यांना नळीनं भरवत नाही. खाऊ दे आपल्या मनानं, सांडलेलं मी वेचते, माझी कंबर मोडते. वरिष्ठांना सांगितलं की बाहेर शेतकऱ्यांच्या शेडमध्ये पक्षी मनानंच खातो, तेव्हा मापही तसंच घ्यावं. तेही खोटं नाही.

अण्णाला एक गोष्ट मी सांगितलेली नाही. तू गेलीस त्या सकाळी तो दुकान उघडायला गेला होता. तू खुणेनं मला जवळ बोलावलंस आणि आंबील मागितलीस. मी दोन चमचे भरवले. गिळलेस आणि म्हणालीस, "बरं वाटायलंय." हे सांगितलं तर अण्णाचं 'उपाशी गेली' कायमचं बंद होईल. पण तो लगेच विचारेल, म्हंजे भूक होती की तिला? म्हणून मी दरवर्षी ऐकून घेते. हा कागद कुठल्या टपालाच्या पेटीत टाकायचा नाही, म्हणून इथं लिहिते. तू आंबील मागितलीस ना अव्वा, तेव्हा मला आनंद झाला नाही. मी घाबरले.