डालग्यातली गाणी

निपाणी,
मंगळवार, दि. २६ नोव्हेंबर १९८५

जयाबाई हिस,

आशीर्वाद लिहावा की नमस्कार, या विचारातच टाकाची शाई वाळली. तेव्हा दोन्ही ठेवून घे. इकडे सर्व ठीक आहे. थंडी पडली आहे, तंबाखू बरी आली आहे, गॅरेजात काम पुष्कळ आहे. तिकडे भात कापून झालं असेल. तुझी म्हैस व्याली का? रेडा झाला का रेडी?

पहिलं एक सांगतो. हे पत्र मष्णूकडून वाचून घेऊ नकोस. दीर म्हणून तो गुणाचा आहे, पण पत्र वाचतो ते दवंडी दिल्यागत. अख्ख्या जांबोटीला माझी खुशाली कळायची गरज नाही. तू चौथी शिकलीस. मी तर शाळेची पायरी चढलो नाही, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत अक्षरं जुळवली. म्हणून मुद्दाम ठळक लिहितोय. गोठ्यात जा, म्हशीच्या आडोशाला बस आणि सावकाश वाच.

डालग्याची बातमी सांगायची आहे.

बेळगावात मोडीत निघालेल्या हेरल्ड गाडीचा सांगाडा आणि इंजिन मी आणलं, आणि वर्षभर पत्रा ठोकून ठोकून त्यावर आपल्या मनाची मोटार उभी केली, तेव्हा तुझ्या बहिणीनं, मालूनं, दारात येऊन कमरेवर हात ठेवला होता. "अवो, हिचं डोस्कं कुठं हाय?" म्हणाली. मी म्हणालो, छप्पर नसलेल्या गाड्या साहेब लोक मुद्दाम घेतात. तर म्हणते, "साहेब लोकांचं साहेबांपाशी. तुमी कोंबड्या झाकायला लई बेस डालगं केलंय बघा." झालं, नाव पडलं. संकेश्वरात एकदा पोलिसानं गाडी अडवली आणि कानडीत विचारलं, "एन री इदु?" म्हणजे हे काय? मी कागद काढेपर्यंत मालूच बोलली, "बुट्टी री साहेब, बुट्टी!" पोलीस इतका हसला की कागद बघायचेच राहिले.

आवाज मात्र वाईट होता हे कबूल. धड सायलेन्सर मिळाला नाही म्हणून नुसती नळी सोडली होती. गाडी चालू झाली की गल्लीतली कुत्री आधी भुंकायची आणि मग आपणच दमून गप्प बसायची. अशा गाडीत मी रेडिओ बसवला. ट्यूबच्या पट्ट्यानं बांधून, सांगली केंद्र लावून. लोक म्हणायचे, गिरणीत सनई लावलीस रे बाबा.

खरंच काही ऐकू यायचं नाही. रेडिओची पेटी थरथरताना दिसायची, तेवढंच. मग मालू काय करायची, पेटीला एक कान लावायची, आणि वर होऊन माझ्या कानाला तोंड लावून गाणं सांगायची. सांगायची म्हणजे गायचीच. वखारीत तंबाखू निवडताना बायकांत गायची ना, तोच आवाज. वाऱ्यानं पदर माझ्या तोंडावर यायचा, मी एका हातानं पदर सारायचा, एका हातानं चाक धरायचं. तवंदीचा घाट आम्ही कितीदा असा चढलो उतरलो. मला वाटायचं, सांगलीवाले काय एकेक गाणी लावतात! एकदा तर ती गायली,

"तवंदीच्या घाटामंदी डालग्याला आली धाप,
खाली उतरा कारभारी, तुमचं वजन हाय पाप."

मी म्हटलं, "हे सांगलीवाल्यांना कसं कळलं गं?" तर म्हणाली, "लांबवर नाव झालंय आपलं."

तू हसशील, पण त्या एका गाण्याचं सोडलं तर बाकीची मी खरी धरून चाललो होतो. ज्यात नवरा नांगर विकून बायकोला झोपाळा करून देतो, ते. ज्यात बेळगावच्या घासभर कुंद्यासाठी दोन जावा भांडतात, ते. जिवाला लागणारी होती, हसवणारी होती.

ती गेली त्यानंतर डालगं पुष्कळ दिवस झाकून ठेवलं होतं. वखारीतल्या बायका दारावरून जाताना म्हणायच्या, "अण्णा, काढा की भाईर, आमास्नी चुकल्या-चुकल्यागत व्हतंय." मग या उन्हाळ्यात मनावर घेतलं. ट्रॅक्टरचा जुना सायलेन्सर कापून, आत जाळी घालून, नीट जोडला. गोव्याहून आलेला टेप बसवला, त्यात रेडिओवर लागायची त्याच गाण्यांची कॅसेट घातली. मागच्या शिटाखाली मोठा कर्णा ठेवला. सगळं जोडून घाटाला निघालो. काय सांगू, गाडी मांजरीगत चालली होती. आणि गाणं! पेटी, तबला, बाईचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

ओळखीची चाल लागली. झोपाळ्याचं गाणं. मी मान हलवायला लागलो. तर त्यात झोपाळा नाहीच. नांगरही नाही. कुणीतरी गौळण यमुनेला चालली होती.

पुढचं लावलं. त्यात जावा नाहीत, कुंदा नाही. कॅसेट उलटली. एकाही गाण्यात एकही ओळ तिनं सांगितलेली नाही, जयाबाई. सगळी तिची. चाल रेडिओची उसनी घ्यायची आणि माझ्या कानात आपलं घर, आपली वखार, आपलं भांडण घालायची. माझ्याशी जे घरात बोलायची नाही ते गाण्यातून सांगायची आणि मी मूर्ख सांगलीवाल्यांचं कौतुक करत बसायचो! झोपाळा तिलाच पाहिजे होता हे मला स्तवनिधीच्या अलीकडं, गाडी बाजूला घेऊन, स्वच्छ ऐकू येणाऱ्या टेपपुढं बसल्यावर कळलं.

हसू आलं आधी. मग शेजारच्या रिकाम्या शिटाकडं बघवेना. गाण्यातला शब्द न् शब्द कळत होता आणि त्यातला एकही माझ्यासाठी नव्हता. दुसऱ्या दिवशी सायलेन्सर काढून टाकला. परत तीच नळी, तोच ढणढणाट. टेप चालू ठेवतो, ऐकू येत नाही, पण ऐकू येत नाही तेवढं तरी जुन्यासारखं आहे. फक्त कान रिकामा राहतो. वारं जातं आरपार.

हे आजवर कुणाला बोललो नाही. गॅरेजात विचारतात, अण्णा, एवढी मेहनत करून सायलेन्सर का काढला? मी सांगतो, तापत होता.

आता दिवाळीतलं.

मालू दर दिवाळीला तुला लुगडं घ्यायची. ती नाही म्हणून रीत मोडू नये, एवढंच मनात धरून मी जांबोटीला आलो, हे तुला ठाऊक आहे. लुगडं घ्यायला बेळगावला यायला तू नको म्हणत होतीस. मष्णू म्हणाला, "जा की वैनी, दाजी एवढ्या लांबनं आल्यात." तू आलीस आणि मागच्या शिटावर बसलीस. पुढचं शीट मोकळं होतं. पिरनवाडीपर्यंत रान संपेस्तोवर मी आरशात बघत होतो. टेप चालू होता, ऐकू येत नव्हता, आणि तुझे ओठ हलत होते. मी ओरडून विचारलं, "काय म्हणतीस?" तू ओरडलीस, "काय न्हाय दाजी, रस्त्याकडं बघा, म्हस आडवी आलीया!" म्हैस खरंच आडवी आली होती. पण ओठही खरंच हलत होते.

बेळगावात शहापूरला त्या हातमागवाल्याच्या म्हातारीनं लुगड्यांच्या घड्या काढता काढता काय म्हटलं ते तुलाही आठवत असेल. "दादा, वैनीस्नी ह्ये हिरवं खुलंल बघा." तू मान खाली घातलीस. "मी वैनी न्हाई. ह्ये दाजी माझं. आन् मला हिरवं चालत न्हाई. राखी दाखवा." म्हातारी बिचारी जीभ चावून राखी घड्या काढायला लागली. मी पुढं होऊन तिला सांगायला पाहिजे होतं की बाई, तुझी समजूत चुकली. मला ती चूक वाटलीच नाही, जयाबाई. राखी लुगडं घेऊन आपण परत आलो, तू मागं, मी पुढं, आणि त्या परतीच्या वाटेवर तुझे ओठ मिटलेले होते.

आज हे पत्र लिहायला घेतलं तर तुझ्या नावामागं 'गं. भा.' लावायला हात धजेना. पाकिटावर लावलं आहे, नाहीतर पोस्टमन मष्णूला विचारत बसेल. आत नाही लावलं.

इतका वेळ म्हैस, भात, सायलेन्सर करत आलो, आता मुद्द्यावर येतो. तुझा कारभारी रवळू जाऊनही पुष्कळ वर्षं झाली. तुझा पोरगा शामू गोव्यात नोकरीला, सणावाराला येतो. तू त्या घरात एकटी, मी या घरात एकटा. दोन चुलींवर दोन माणसांची भाकरी कशाला करपवायची? तू मालूची जागा घे असं मी म्हणत नाही. ती जागा तिची, आणि ती तिच्या गाण्यांसकट माझ्यापाशी राहील. तू आलीस तर तुझी म्हणून ये. पाट लावून यायचं म्हणशील तर पाट लावू, देवळात चार माणसं बोलावू. ते नको म्हणशील तर शेजारची खोली लिंपून देतो, तुझी चूल वेगळी, तुझी म्हैस माझ्या गोठ्यात. लोक बोलतील. लोक डालग्यालाही बोलले होते.

हिरवं लुगडं मी मागाहून जाऊन घेऊन ठेवलेलं नाही. तू हो म्हणायच्या आधी ते घेणारा मी कोण? सायलेन्सरही तुला विचारल्याशिवाय लावत नाही. तुला कॅसेटमधली गाणी ऐकायची असतील तर जोडतो, अर्ध्या दिवसाचं काम आहे. नसतील ऐकायची तर मग तुला कानाशी बोलावं लागेल, माझा इलाज नाही.

या रविवारी मी येतो. मष्णूला सांग, दाजी तांदूळ न्यायला येतायत. गाडी दारापर्यंत आणत नाही, नाहीतर गाव गोळा होईल. फाट्यावर वडाखाली थांबतो. उन्हं कलेपर्यंत. नाही आलीस तर तांदूळ घेऊन परत जाईन आणि पुढच्या दिवाळीला राखी लुगडं पाठवीन, त्यात राग नाही. येऊन मागं बसलीस तर बेळगावला फिरवून आणून सोडीन, एक शब्द विचारणार नाही. आणि पुढं बसलीस तर मला तोंडानं काही सांगू नकोस, इंजिन चालू असेल, तसंही ऐकू येणार नाही.

थंडीत अंगावर घोंगडं घे. फाट्यापर्यंत चालायचं आहे.

आजवर तुला पाठवलेल्या प्रत्येक पत्राखाली 'तुझा दाजी' लिहीत आलो. आज तसं लिहिलं तर वरचं सगळं खोटं होईल.

कृष्णात