दिसत नाही एवढं चित्र

आई,

इतकी वर्षं तुला एक ओळ लिहिली नाही आणि आता लिहायला बसलो तर भांडण घेऊनच आलो, याबद्दल रागावू नकोस. घरात बोलायला गेलो तर सून म्हणते, बाबा, बीपी वाढेल, सोडून द्या. काय सोडून देऊ? माझं टपाल कोणीतरी माझ्या खांद्यावरून वाचतंय आणि मी गप्प बसू? हे तुलाच कळेल, म्हणून तुला लिहितोय.

हल्ली टपाल मोबाईलवर येतं, त्याला मेल म्हणतात. बँकेचे आणि पेन्शनचे निरोप यायला हवेत म्हणून पोराने मला तो काढून दिला. मागे आमच्या मुलुंडच्या बागेत फुकट साखर तपासायचा तंबू लागला होता. तिथल्या मुलीने नाव विचारलं, मेल विचारला, घरातल्या एकाचा नंबर विचारला. मी पोराचा दिला. बोटातून रक्त काढणाऱ्यांना माझा मेल कशाला हवा, हे तेव्हा सुचलं नाही. त्यानंतर कर्जतकडच्या एका वसाहतीच्या जाहिराती यायला लागल्या. म्हाताऱ्यांसाठी घरं. वृद्धाश्रमच तो, फक्त नाव इंग्रजी. आता तुला ठाऊक आहे, मी मुळात हळू वाचणारा. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. मोठा मजकूर एका दमात होत नाही. चार ओळी वाचतो, डोळे चोळतो, मोबाईल ठेवतो, दुपारी पुन्हा उघडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. विजेच्या बिलाचा मेलसुद्धा मी असाच वाचतो. मला वाटायचं, पत्र माझं, मोबाईल माझा, हवं तेव्हा उघडीन, कोणाचं काय जातंय.

मग एका रविवारी आम्ही जेवायला बसलो होतो. पोराचा हात बांगड्याच्या कालवणात, म्हणून त्याने फोन स्पीकरवर टाकला. गोड आवाजाची एक मुलगी बोलायला लागली, "सर, तुमच्या बाबांनी आमचा मेल पुन्हा पुन्हा उघडून बघितलाय. त्यांना खूपच इंटरेस्ट आहे. तुम्ही जागा बघायला कधी येताय?" सुनेच्या हातातला डाव तसाच राहिला. पोराने फोन बंद केला, हात धुतला आणि माझ्यासमोर येऊन बसला.

"बाबा, इथे काय कमी पडतं ते मला सांगायचंत ना. तिकडे कशाला विचारलंत?"

"मी कोणाला काही विचारलेलं नाही."

"मग त्यांना कसं कळलं?"

खोटं बोलताना पकडल्यासारखा मी ताटाकडे बघत राहिलो. तेव्हापासून सून मला चहासुद्धा पाहुण्याला विचारावा तसा विचारते. दोघं आत हळू आवाजात बोलतात आणि मी आलो की टीव्हीबद्दल बोलायला लागतात.

कसं कळलं ते शेवटी नातीने सांगितलं. त्या मेलमध्ये म्हणे एक चित्र असतं, दिसत नाही एवढं बारीक. आपण मेल उघडला की ते चित्र कंपनीच्या कॉम्प्युटरकडून मागवलं जातं, आणि मागवलं की तिकडे नोंद होते, म्हाताऱ्याने पत्र उघडलं. पुन्हा उघडलं की पुन्हा नोंद. वर हसून म्हणते, "आजोबा, तू त्यांचं पक्कं गिऱ्हाईक झालायस." मी त्या कंपनीला फोन लावला आणि विचारलं, माझं पत्र मी कितीदा उघडतो ते बघायला तुम्हाला कोणी सांगितलं? मुलगी म्हणाली, सर, ते सिस्टीममध्ये दिसतं. म्हटलं, मग त्या सिस्टीमला फोन दे. तिने फोन ठेवला. मी अडखळत वाचतो आणि हे लोक त्याला ओढ समजतात, आणि वर माझ्याच पोराला जाऊन सांगतात.

घाटकोपरच्या चाळीत आपल्या आणि शेजारच्या खोलीमध्ये भिंत नव्हती, नुसत्या फळ्या होत्या. मामाचं पत्र आलं की तू आधी स्टोव्हला पंप मारायचीस. वर भांडं नसायचं, रॉकेल फुकट जायचं, पण त्याचा आवाज खोलीभर झाला की मगच म्हणायचीस, आता वाच. मी तुझ्या कानाशी तोंड नेऊन वाचतो, तू ज्वाळेकडे बघत ऐकतेस, आणि फळीपलीकडे एक अक्षर जात नाही. दुसऱ्या बायका त्यांची पत्रं माझ्याकडून वाचून घ्यायला यायच्या, त्यांच्यासाठीही तू स्टोव्ह पेटवायचीस आणि स्वतः बाहेर जाऊन उभी राहायचीस. चाळीचं टपाल नाक्यावरच्या वाण्याकडे यायचं. एकदा त्याने सगळ्या गिऱ्हाइकांसमोर तुला विचारलं, काय वहिनी, भावाने म्हैस विकली वाटतं? तू साखरेची पुडी परत त्याच्या पुढ्यात ठेवलीस. "कार्ड उघडा आसला म्हणान वाचूचा आसता काय?" एवढंच म्हणालीस, आणि पुन्हा त्याची पायरी चढली नाहीस. त्या वाण्याला निदान तोंड होतं. मी कोणासमोर जाऊन उभा राहू?

नातीने आता मोबाईलमध्ये चित्रं बंद केली आहेत. मेल उघडला तर रिकामे चौकोन दिसतात आणि वर लिहून येतं, चित्रं दाखवायची का? ते दाबायचं नाही, दाबलंस की त्यांना कळलं, असं तिने बजावलंय. पोरालाही मी समजावून सांगितलं, अरे, मी हळू वाचतो म्हणून हा घोळ झाला. त्याचा चेहरा जरा सैल पडला.

पण आई, ते अर्धंच खरं आहे. मजकूर माझा कधीच वाचून झाला होता. त्यात एक फोटो आहे. बैठं घर, पुढे पडवी, पडवीत खुर्ची टाकून एक म्हातारा बसलाय, आणि त्याला कोणी जरा उठा म्हणत नाही. इथे पोरं चांगली आहेत, कमी काही नाही. पण मी हॉलमध्ये झोपतो, आणि सकाळी सगळ्यांची डब्यांची, ऑफिसची घाई चालू झाली की खुर्ची कुठे सरकवावी ते मला कळत नाही. माझं मलाही जे धड कबूल नव्हतं, ते त्या मेल्यांनी जेवणाच्या ताटावर बोलून दाखवलं. राग त्याचा आहे.

काल दुपारी घरात कोणी नसताना मी ते 'चित्रं दाखवायची का' दाबलं. पडवी दिसली. त्यांना कळलंच असणार. आज नाहीतर उद्या पोराला पुन्हा फोन येईल, आणि या वेळी हळू वाचण्याचं कारण चालायचं नाही. त्याने विचारलं तर जातो म्हणू, की राहतो म्हणू? हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, मला समजतं. तरी तू काहीतरी कळव. त्यांचा फोन यायच्या आत कळव.