चष्म्यासकट ये

प्रिय आभा,

माझं पत्र पाहून दचकू नको. चौथी शिकलेली बाई, अक्षर वाकडं येणारच. फोनवर तुझे बाबा मधातच "हो का, बरं बरं" करतात, मले कंटाळा येते, म्हणून लिहून राह्यली.

त्या रविवारी आमच्या घरी येऊन तू जे बोलली, तसं बोलणारी पोरगी मी पाह्यली नाही. लग्नाआधी पोरीचा चष्मा गेला पाहिजे, हे माझ्या पिंटूच्या आत्यानं, रुक्माबाईनं, ठरवून टाकलं होतं. त्यासाठी तू नागपूरले लेझर करायले गेली. डॉक्टरीणबाईनं मशीनवर डोळ्याचा नकाशा काढला अन् म्हटलं, बुबुळावरचा पडदा कमजोर असल्याची शंका आहे, लेझरनं आणखी पातळ होईल, मी करणार नाही. दुसरीकडे एक जण करून द्यायले तयार होता, तू गेली नाही. तुझे बाबा म्हणत, शंकाच तर आहे, कायले बोलायचं? तेही ऐकलं नाही. त्यांनाच एस्टीत बसवून कळंबहून आली अन् सगळ्यांसमोर सांगून मोकळी झाली: चष्मा जाणार नाही, डोळे तपासत राहावं लागेल, दुखणं वाढलं तर इलाज लागेल. रुक्माबाई म्हणाली, खोट असलेला माल कोण घेते? तू म्हटलं, आत्याबाई, मी माल नाही, अन् खोट तर मीच सांगायले आली. मी पदरात तोंड घालून हसली.

पण मी पाहत होती दुसरंच. भाव वाढेल म्हणून यांनी बैठकीच्या खोलीतच आढ्यापर्यंत कापूस भरून ठेवलेला. तिथं बसलं की डोळे खाजतात. आम्ही सगळे चोळत होतो, तुझे बाबासुद्धा. तुझे डोळे लालभडक, पाणी गळत होतं, अन् तू दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेली. रुक्माबाईले वाटलं, पोरगी रडून राह्यली. मागच्या अंगणात तोंड धुवायले आली तेव्हा मी विचारलं. तू म्हणाली, डोळे चोळायचे नाहीत असं डॉक्टरीणबाईनं बजावलं, चोळलं तर पडदा आणखी बिघडते. एवढी खाज दाबून धरणं काय असते, ते कापसात जन्म गेलेल्या मले विचार.

निघताना यांनी "कळवतो" म्हटलं. कळवतो म्हणजे काय ते तुझ्या बाबाले समजलं, चेहराच उतरला त्यांचा. मग कोणी कळवलंच नाही. पिंटूले विचारलं तर म्हणते, मी कुठं चष्मा काढ म्हटलं होतं? मग तेव्हा काहून तोंड शिवून बसला होता, म्हणून चांगला झापला त्याले.

तर आता मीच कळवते. काल मेटॅडोर बोलावून सगळा कापूस जिनिंगच्या कारखान्यात विकायले पाठवला. भाव पडलेलाच आहे. हे म्हणत होते, थोडं थांब. मी म्हटलं, भाव वाढेल का ते कोणाले माहीत, सून तर येणार आहे. खोली झाडली, पुसली, भिंतीले चुना मारला, खिडकी उघडी ठेवली. रुक्माबाई फुगून बसली, बसू दे. बाबाले म्हण, तारीख काढा. तू चष्म्यासकट ये, अन् हात मोकळे ठेवून बस.

तुझीच,
कोकिळा